तीन ट्यूब, एक ई.एच.टी.

दुरुस्तीचं टेबल : वाचकांचे प्रश्न

तीन भिंगांचे, तीन पिक्चर ट्यूबचे जुने सीआरटी प्रोजेक्टर अजून बऱ्याच जणांनी जिवंत ठेवलेत, हे या वेळच्या टपालावरून कळलं. बरं वाटलं. काळा रंग खरोखर काळा दाखवावा तर या यंत्रांनीच, असं माझं मत आहे आणि ते बदलायचा माझा विचार नाही. प्रश्न मात्र बहुतेक एकाच जागेबद्दल आलेत: ई.एच.टी., म्हणजे ट्यूबच्या अ‍ॅनोडला लागणारं हाय व्होल्टेज. ट्यूब सात इंची असो, आठ किंवा नऊ, ते साधारण ३० ते ३५ हजार व्होल्टच्या घरात असतं. सारखे प्रश्न एकत्र करून काही निवडले आहेत. चालू टीव्हीच्या आत ज्यांनी कधी हात घातलेला नाही त्यांनी हे खुशाल वाचावं, झाकण मात्र उघडू नये.

प्रश्न : सेट चालू केला की रिले ‘टक्’ वाजतो, पंखे फिरतात, तिन्ही ट्यूबचे हीटर लाल होतात. दोन-तीन सेकंदांत सगळं बंद पडतं आणि पुढचा लाल दिवा लुकलुकत राहतो. मेकॅनिकचं म्हणणं, हाय व्होल्टेज मॉड्यूल गेलं आणि ते आता कुठे मिळत नाही. सेट भंगारात काढावा का?

उत्तर : थांबा. मॉड्यूल गेलं असेलही, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तसं कुणालाच सांगता येणार नाही, तुमच्या मेकॅनिकलाही नाही. ई.एच.टी. तयारच होत नाही, की तयार होत असताना तिला कुणी थांबवतंय, हे आधी ठरवायला हवं. माझ्या टेबलावर ‘हाय व्होल्टेज गेलं’ म्हणून आलेल्या बऱ्याच सेटमध्ये हाय व्होल्टेज ठणठणीत होतं, दुसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसलं होतं.

थांबवणाऱ्यांत पहिला नंबर स्कॅन-फेल सर्किटचा. व्हर्टिकल डिफ्लेक्शन (बीमला वर-खाली फिरवणारं सर्किट) बंद पडलं तर तिन्ही ट्यूबचा सगळा इलेक्ट्रॉन बीम एका आडव्या रेषेवर येऊन पडतो. दोन्ही डिफ्लेक्शन गेली तर मधोमध एका ठिपक्यावर. प्रोजेक्शन ट्यूब साध्या टीव्हीच्या मानाने इतक्या जोरात चालवलेली असते की फॉस्फरवर (ट्यूबच्या उजळणाऱ्या लेपावर) कायमचा डाग पडायला काही क्षण पुरतात. म्हणून योकमध्ये (बीम वळवणाऱ्या कॉइलमध्ये) करंट दिसला नाही की हे सर्किट ई.एच.टी. बंद करतं किंवा बीम कापतं. योकचा एक कनेक्टर सैल, व्हर्टिकल आयसीच्या पायाला सोल्डरचा बारीक तडा, त्याच्या एका सप्लायचा फ्यूज उडालेला, एवढ्यानेसुद्धा तुमच्या सेटसारखी लक्षणं दिसतात.

दुसरा ओव्हरव्होल्टेजवाला. ई.एच.टी. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की तो तोडतो. तिसरा ओव्हरकरंटवाला, पुढे कुठे शॉर्ट किंवा लीकेज असेल तर तोडणारा. शिवाय प्लस-मायनस १५ व्होल्टसारखे छोटे सप्लाय नसले तर कंट्रोल बोर्ड ई.एच.टी.ला ड्राइव्हच देत नाही.

यातला कोण, हे ओळखायला त्या दोन-तीन सेकंदांत ई.एच.टी. काय करते ते बघावं लागतं. आकडे दाखवणारं डिजिटल मीटर इथे उशिरा पोचतं, ते स्थिर होईतो सेट बंद झालेला असतो. ज्या हाय व्होल्टेज प्रोबच्या मुठीतच काट्याचं मीटर असतं तो हाताशी असेल तर उत्तम, नाहीतर मॅक्स-होल्डवालं मीटर. काटा शून्यावरून हललाच नाही तर ड्राइव्ह मिळत नाही किंवा आऊटपुट स्टेज मेलेली आहे. पाच-दहा हजारांपर्यंत धडपडत चढला आणि पडला तर पुढे लोड आहे. झपकन चढून नेहमीच्या आकड्याच्याही वर गेला आणि पडला तर ओव्हरव्होल्टेज; तिथे सेट पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. नेहमीच्या आकड्यावर जाऊन शहाण्यासारखा उभा राहिला आणि मग बंद झाला, तर ई.एच.टी.ची चूक नाही, डिफ्लेक्शनकडे वळा.

साध्या टीव्हीत काचेसमोर हात धरला की केस उभे राहतात आणि ई.एच.टी. आली हे मीटरशिवाय कळतं. इथे ट्यूबच्या तोंडावर थंड ठेवणारा द्रव आणि त्यापुढे भिंग असल्यामुळे ती सोय नाही.

दुरुस्तीचा क्रम मी असा ठेवतो: आधी छोटे सप्लाय, मग व्हर्टिकल, मग हॉरिझॉन्टल, शेवटी ई.एच.टी. बहुतेक जण उलट दिशेने सुरू होतात, कारण ई.एच.टी.चा दरारा मोठा. या मल्टिस्कॅन यंत्रांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या टीव्हीत हॉरिझॉन्टल आऊटपुट ट्रान्झिस्टरच योकही चालवतो आणि एलओटीही (ई.एच.टी. बनवणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर). प्रोजेक्टरला १५ किलोहर्ट्‌झपासून कितीतरी वरपर्यंतचे सिग्नल घ्यावे लागतात, म्हणून ई.एच.टी.चा जनरेटर बहुधा वेगळा बांधलेला असतो. त्यामुळे ‘हॉरिझॉन्टल चालू म्हणजे ई.एच.टी. असणारच’ हे टीव्हीवर शिकलेलं गणित इथे चालत नाही.

सप्लायवरच संशय असेल तर ई.एच.टी. जनरेटरकडे जाणारी बी-प्लस (मुख्य डीसी सप्लायची) लाइन सोडवून जनरेटरच्या जागी, म्हणजे ती लाइन आणि जमीन यांच्यामध्ये, ६० वॉटचा तारेचा बल्ब लावा. बी-प्लस मेन्सपेक्षा कमी असतं, त्यामुळे बल्ब मंद लागेल, ते ठीकच आहे. बल्बवर सप्लाय स्थिर राहिला तर तो निर्दोष. काही सेटमध्ये ई.एच.टी. दिसली नाही म्हणूनही कंट्रोल बोर्ड सेट बंद करतो, तेव्हा बल्ब काही सेकंदांनी विझला म्हणून लगेच सप्लायला दोष देऊ नका. विझण्याआधी व्होल्टेज किती होतं ते महत्त्वाचं.

आणि तो लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला असतो, आणि आश्चर्य म्हणजे तो सहसा खरा असतो.

प्रश्न : बंद पडण्याआधी एक क्षण पडदा पूर्ण निळा होतो, आडव्या तिरक्या रेषांसकट. लाल-हिरवं व्यवस्थित वाटतं.

उत्तर : तुमचं निम्मं काम सेटनेच केलंय. तीन ट्यूब आणि त्यांना पोसणारी ई.एच.टी. एकच, ही या यंत्राची सगळ्यात मोठी सोय. घरातल्या तीन खोल्यांचे दिवे एकदम गेले तर आपण बल्ब बदलत बसत नाही, मेन स्विचकडे जातो. एकाच खोलीतला गेला तर मेन स्विचकडे जात नाही. तिन्ही रंगांत दोष असेल तर ई.एच.टी. आणि तिच्यामागचं, एकाच रंगात असेल तर त्या ट्यूबच्या मानेवरचं.

तुमच्याकडे निळ्याचा कॅथोड (ट्यूबमधलं बीम सोडणारं टोक) खाली ओढला गेलाय. कॅथोडवर साधारण दीडशे-दोनशे व्होल्ट असायला हवेत. नेक बोर्डावरचा व्हिडिओ आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला किंवा तिथला सप्लाय तुटला की कॅथोड जमिनीवर, म्हणजे शून्य व्होल्टवर येतो, बीम पूर्ण क्षमतेने सुटतो आणि ओव्हरकरंट सर्किट सेट बंद करतं. दिसणाऱ्या तिरक्या रेषा म्हणजे रिट्रेस, बीम परत फिरताना उमटलेला माग. सेट बंद करून, सगळं डिस्चार्ज करून, निळ्या बोर्डावरचे ट्रान्झिस्टर थंडच मोजा आणि हिरव्या बोर्डाशी ताडून बघा. तीन सारखे बोर्ड असणं ही दुसरी सोय.

बोर्ड निर्दोष निघाला तर निळ्याच्या स्क्रीन व्होल्टेजचा (बीमची ताकद ठरवणाऱ्या ग्रिडच्या व्होल्टेजचा) प्रीसेट आधी कुठे होता त्याची खूण करून तो पूर्ण खाली घ्या आणि सेट चालू करा. आता टिकला तर ई.एच.टी. मोकळी झाली. मग प्रीसेटच बिघडून स्क्रीन व्होल्टेज वर गेलं होतं का ते बघा. तेही नसेल तर ट्यूबच्या आत हीटर-कॅथोड शॉर्टची शक्यता राहते, आणि ती बातमी चांगली नाही.

नेक बोर्ड काढून ठेवून सेट चालवायचा सल्ला कुणी देईल, मी देणार नाही. बोर्डावरचे स्पार्क गॅप त्याच्याबरोबर जातात आणि अ‍ॅनोडवर ३० हजार व्होल्ट असताना मानेच्या पिना हवेत लोंबकळत राहतात. ट्यूब वेगळी करूनच बघायची असेल तर स्प्लिटर ब्लॉकमधून (एकच ई.एच.टी. तिन्ही ट्यूबना वाटणाऱ्या ठोकळ्यातून) त्या ट्यूबची अ‍ॅनोड वायर काढा आणि रिकाम्या भोकात त्यासाठीच बनवलेलं बुच घाला. बुच नसेल तर ही चाचणी तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : काका, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या जुन्या प्रोजेक्टरवर मित्र आणि मी काम करतोय. हाय व्होल्टेज प्रोब फार महाग आहे. मल्टीमीटरला मोठा रेझिस्टर सिरीजमध्ये लावून ई.एच.टी. मोजता येईल ना? आणि डिस्चार्ज करायला स्क्रू ड्रायव्हर चालतो का?

उत्तर : नाही, आणि नाही. आता कारणं ऐक, नुसत्या नकाराने तुझ्या वयात कुणी थांबत नाही.

रेझिस्टरला ओहम आणि वॉट असतात एवढंच पुस्तकात ठसवतात, पण त्याला व्होल्टेजचीही मर्यादा असते. पाव वॉटचा साधा रेझिस्टर अडीचशे-तीनशे व्होल्टच्या पुढे भरवशाचा नाही, मग त्याची किंमत कितीही मेगओहम असो. त्याच्यावर ३२ हजार टाकलेस तर करंट रेझिस्टरच्या आतून जायच्या भानगडीत न पडता बाहेरून उडी मारेल, आणि त्या उडीच्या दुसऱ्या टोकाला तुझं मीटर आणि मीटर धरलेला तू. खऱ्या प्रोबमध्ये १००० मेगओहमच्या आसपासचा, खास लांब बनवलेला रेझिस्टर असतो आणि मुठीपुढे रुंद कडी असतात, ठिणगीने पृष्ठभागावरून हातापर्यंत येऊ नये म्हणून. ३२ हजाराला करंट फक्त ३२ मायक्रोअँपियर. एवढ्याने ई.एच.टी. दबत नाही.

प्रोब मिळाला (विकतच घ्यायला हवा असं नाही, विभागाच्या प्रयोगशाळेत विचार) तर दोन गोष्टी. अर्थची क्लिप सगळ्यात आधी लाव, सगळ्यात शेवटी काढ. ती सुटली तर ई.एच.टी. प्रोबच्या मुठीपर्यंत पोचते. दुसरं, मीटरचा इनपुट किती ओहमचा आहे ते बघ. हजारास एक भागणारे प्रोब १० मेगओहमच्या डिजिटल मीटरसाठी आखलेले असतात, ३२ हजार असतील तर मीटर ३२ व्होल्ट दाखवतं. तेच १ मेगओहमच्या मीटरला लावलास तर आकडा जवळपास निम्मा येईल, आणि तू निरोगी ई.एच.टी. वाढवायला निघशील. याच्याइतकं धोक्याचं वाचन दुसरं नाही.

डिस्चार्जचं सांगतो. स्क्रू ड्रायव्हरने थेट शॉर्ट केलंस तर चार्ज जातो खरा, पण एका दणक्यात जातो, आणि तो करंटचा झटका जमिनीच्या वायरीतून फिरताना जवळचे आयसी घेऊन जातो. दहा मेगओहमच्या आसपासची, हाय व्होल्टेजचे बरेच रेझिस्टर सिरीजमध्ये ओवलेली काठी वापर. दुसरं टोक ट्यूबच्या अर्थला किंवा चॅसिसच्या धातूला, सर्किट बोर्डाच्या जमिनीला नाही. ट्यूबच्या साधारण एक नॅनोफॅरॅड कॅपॅसिटन्सला दहा मेगओहममधून रिकामं व्हायला सेकंदाचा अगदी लहानसा भाग पुरतो, तरी काठी थोडा वेळ तिथेच धर, मग साध्या वायरने थेट जोड. काही मिनिटांनी पुन्हा एकदा कर. इन्शुलेशनमध्ये शोषलेला चार्ज हळूहळू परत वर येतो आणि ‘डिस्चार्ज केलेल्या’ ट्यूबचाही चांगला चटका बसतो.

आता खरी भीती कशाची बाळगायची ते. ३२ हजार व्होल्टला एक नॅनोफॅरॅड म्हणजे अर्धा ज्यूल. धक्का बसून हात मागे जातो, कोपर चॅसिसवर आपटतं, भिंगाला पान्हा लागतो. इजा बहुतेक वेळा अशा झटक्याने होते. पण तिथून वीतभर अंतरावर स्विचिंग सप्लायचा मोठा कॅपॅसिटर असतो. ४७० मायक्रोफॅरॅड, ३२५ व्होल्ट, साधारण २५ ज्यूल. तो ना हिसहिसतो ना ठिणग्या टाकतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आधी तो रिकामा कर. चालू सेटमध्ये एकच हात, दुसरा खिशात. अंगठी, घड्याळ, कडं काढून. एकट्याने नाही. मित्र आहे म्हणालास, त्याला मेन स्विचपाशी उभा कर आणि त्याचा मोबाइल काढून घे.

प्रश्न : हवा दमट असली की प्रोजेक्टरमधून ‘स्स्स’ असा आवाज येतो, वेगळाच तिखट वास येतो. अधूनमधून ‘चट्’ होऊन चित्र हलतं. कोरड्या दिवसांत काही नाही. चिकटपट्टी गुंडाळून बघितली, दोन दिवस बरं होतं.

उत्तर : ‘स्स्स’ आणि ‘चट्’ ही दोन वेगळी दुखणी आहेत, पहिलं पुढे दुसऱ्यात जातं. हिसहिस म्हणजे कोरोना: टोकदार जागेभोवतीची हवा विद्युतभारित होते, पण ठिणगी पडत नाही. वास ओझोनचा. ‘चट्’ म्हणजे पूर्ण ठिणगी. चिकटपट्टी उपयोगाची नाही. तिच्याखाली हवा राहते, त्या हवेतच कोरोना होतो, आणि डिंक जळून कोळसा झाला की ई.एच.टी.ला आयता रस्ता मिळतो. आधी ती सोलून तिचा अंशन्‌अंश पुसून काढा.

काही पुसण्याआधी ई.एच.टी. मोजा. व्होल्टेजच वाढलेलं असेल तर सफाईने आवाज थांबेल आणि मूळ दोष झाकला जाईल. आऊटपुट ट्रान्झिस्टरजवळच्या ट्यूनिंग कॅपॅसिटरची किंमत वयाने कमी झाली की फ्लायबॅकचा पल्स अरुंद आणि उंच होतो, ई.एच.टी. वर सरकते. फीडबॅक देणाऱ्या, कित्येकशे मेगओहमच्या डिव्हायडरमध्ये वरचा रेझिस्टर वाढला तरी तेच: रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज कमी आहे, तो वाढवत राहतो.

आकडा बरोबर असेल तर मग अंधार करा. खोली पूर्ण काळोखी, डोळे सरावेपर्यंत थांबा, झाकण उघडं, हात पाठीमागे. जांभळट-निळी झाक कुठे दिसते ते बघा. जागा ठरलेल्या असतात: स्प्लिटर ब्लॉकची भोकं, तिथल्या रबरी टोप्या, फोकसच्या वायरी, अ‍ॅनोड वायर धातूच्या कडेवरून वळते ती जागा, फ्लायबॅकच्या अंगावरची चीर. कोरड्या हवेत साधारण एका मिलिमीटरला तीन हजार व्होल्ट लागतात म्हणतात, पण तो हिशोब गुळगुळीत, समांतर पृष्ठभागांचा. सोल्डरचं शेपूट किंवा वायरचा एक सुटा केस बाहेर असेल तर ३० हजार व्होल्ट दोन-तीन सेंटीमीटरही ओलांडतात. म्हणून हाय व्होल्टेजच्या जोडाचं सोल्डर गोल, मण्यासारखं असावं, एकही टोक नको.

बंद करा, डिस्चार्ज करा, मग साफसफाई. ई.एच.टी. धूळ ओढून घेते, तीवर ओल बसली की तिचा चिखल वाहक होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ कापड, आणि पूर्ण वाळेपर्यंत धीर. काळी रेघ दिसली तर ती कार्बन ट्रॅक आहे, पुसून जात नाही, खरवडून खालचं पांढरं प्लास्टिक दिसेपर्यंत काढावी लागते. सिलिकॉन लावायचं तर वासहीन, न्यूट्रल प्रकारचं. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं. लावल्यावर पूर्ण दिवस जाऊ द्या.

एक शंका अजून तपासा: चिकट थर बोर्डावर दिसतोय का? ट्यूबपुढचा ग्लायकॉलचा द्रव झिरपत असेल. तो बोर्डावर आला की हवा कोरडी असो की दमट, ठिणग्या थांबायच्या नाहीत. आधी गळती बंद करा. एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, तेव्हा सांडलेलं मांजर-कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका.

प्रश्न : पांढरं, उजळ दृश्य आलं की चित्र चारी बाजूंनी फुगतं, अंधारं आलं की आकसतं. फोकसही जातो.

उत्तर : तिन्ही रंग एकदम फुगतात ना? मग ई.एच.टी. लोडखाली बसतेय. चुंबकीय डिफ्लेक्शनमध्ये बीम किती वळणार हे अ‍ॅनोड व्होल्टेजच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. व्होल्टेज १० टक्के पडलं की चित्र सुमारे ५ टक्के वाढतं. दोन मीटर रुंद पडद्यावर म्हणजे दहा सेंटीमीटर, डोळ्यांत भरणारच. बऱ्याच सेटमध्ये फोकस व्होल्टेज ई.एच.टी.वरूनच घेतलेलं असतं, म्हणून तेही डळमळतं.

प्रोब लावून आधी काळा, मग पूर्ण पांढरा पॅटर्न द्या. रेग्युलेटर धडधाकट असेल तर फरक किरकोळ असतो. मोठा असेल तर त्याच वेळी बी-प्लस मोजा. तेही खाली येत असेल तर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक वाळलेत, ईएसआर (कॅपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) मोजणाऱ्या मीटरने लगेच कळेल. बी-प्लस खंबीर आणि ई.एच.टी. पडते, तर फीडबॅक डिव्हायडर, रेग्युलेटर, शेवटी फ्लायबॅक. पण त्याआधी, आणि हे मी जवळजवळ दर वेळी विचारतो, कॉन्ट्रास्ट किती वर ठेवलाय? थकलेल्या ट्यूबमधून नवी चमक काढायला लोक तो शेवटपर्यंत नेतात आणि मग ई.एच.टी.ला नावं ठेवतात.

एकटा लाल किंवा एकटा हिरवाच फुगत असेल तर मात्र ई.एच.टी.कडे बघूही नका.

प्रश्न : प्रोटेक्शन सर्किटची वायर कापली की सेट चालू राहतो असं एका मित्राने सांगितलं. तात्पुरतं करू का?

उत्तर : नको, तात्पुरतंही नको. स्कॅन-फेल असेल तर डाग पडून तीन ट्यूब जातील. ओव्हरव्होल्टेज असेल तर क्ष-किरणांचा प्रश्न आहे, आणि तो नुसता बागुलबुवा नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत हाय व्होल्टेज विभागातून क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळून हजारो रंगीत टीव्ही दुरुस्त करावे लागले होते, पुढच्याच वर्षी तिथे किरणोत्सर्गाच्या नियंत्रणाचा कायदा झाला. पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर तासाला ०.५ मिलिरोएंटजेन ही टीव्हीची मर्यादा तेव्हाची. साध्या रंगीत टीव्हीत २५ हजारांच्या आसपास व्होल्ट असतात, तुमच्या यंत्रात त्याहून जास्त, आणि व्होल्टेज थोडं वाढलं तरी काचेतून पार होणारे किरण फार झपाट्याने वाढतात. कोणतं प्रोटेक्शन चालू झालं ते कळायला त्याच्या लॅचच्या (दोष दिसताच बंद स्थितीत अडकणाऱ्या सर्किटच्या) पायावर मीटर लावा, सेट बंद होताना कुठल्या पायाची पातळी बदलते ते दिसतं. त्याला वायर कापावी लागत नाही.

प्रश्न : अनेक वर्षं गोदामात पडलेला सेट मिळालाय. व्हेरिअ‍ॅकने (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज चढवत चालू करावा म्हणतात.

उत्तर : तो सल्ला व्हॉल्व्हच्या रेडिओचा. स्विचिंग सप्लायला कमी व्होल्टेज दिलं की तेवढीच पॉवर द्यायला तो जास्त करंट ओढतो, आणि अर्धवट ड्राइव्हवर त्याचा ट्रान्झिस्टर तापून जाऊ शकतो. त्यापेक्षा मेन्सच्या सिरीजमध्ये लावलेला बल्ब बरा. बल्ब एकदा भपकन लागून मंद झाला तर शॉर्ट नाही, भक्क लागून राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्बवर सेट पूर्ण चालू होईल अशी अपेक्षा ठेवू नका, एवढं यंत्र त्यावर चालत नाही. पहिल्यांदा चालू करताना तिन्ही स्क्रीन व्होल्टेज खाली, कॉन्ट्रास्ट खाली, आणि त्याआधी उंदरांनी वायरींचं काय केलंय ते बघून घ्या.

प्रश्न : फ्लायबॅक मल्टीमीटरने तपासला. प्रायमरी शून्याच्या जवळ, ई.एच.टी. वायर ते खालच्या पिना अनंत. म्हणजे चांगला ना?

उत्तर : म्हणजे काहीच नाही. प्रायमरीचे वळसे थोडे, ती चांगली असो वा वाईट, मीटर शून्याजवळच दाखवणार. वरच्या बाजूला सेकंडरीच्या टप्प्यांमध्ये हाय व्होल्टेजचे डायोड ओवलेले असतात, एकेकाच्या आत कितीतरी जंक्शन. ते उघडायला लागणारं व्होल्टेज मीटरच्या बॅटरीत नसतं, म्हणून अनंत. मीटर एवढंच सांगू शकतं: ई.एच.टी. वायर ते जमीन काही किलोओहम किंवा थोडे मेगओहम दिसले तर फ्लायबॅक नक्की गेला. आत डिव्हायडर असेल तर शेकडो मेगओहमचं वाचन नैसर्गिक आहे.

वळसे एकमेकांत शॉर्ट झालेत का ते कळायला रिंग टेस्ट लागते. प्रायमरीला छोटा पल्स द्यायचा आणि किती वेळ झंकार टिकतो ते स्कोपवर बघायचं. चांगल्यात आठ-दहा लाटा हळूहळू विरतात, एक वळसा जरी शॉर्ट असला तरी दोन-तीनमध्ये संपतात. प्रायमरी सर्किटमधून सोडवूनच करा, नाहीतर आऊटपुट ट्रान्झिस्टरचा शॉर्ट फ्लायबॅकच्या नावावर जाईल. आणि ट्रान्झिस्टर मोजताना त्याच्या आत डॅम्पर डायोड असेल तर बेस-एमिटरमध्ये काही दहा ओहमचा रेझिस्टरही असतो. ते कमी वाचन बघून चांगला ट्रान्झिस्टर फेकू नका. कलेक्टर-एमिटर बघा. रिंग टेस्ट पास झाली तरी पूर्ण व्होल्टेजवर इन्शुलेशन फुटणारा फ्लायबॅक असतोच, तो फक्त चालवून कळतो.

बदलायचाच झाला तर त्याच मॉडेलचा, ‘सारखा दिसणारा’ नको. पिना जुळल्या तरी वळसे, फोकसचा डिव्हायडर, कोअरमधली फट जुळत नाही. रिवाइंड करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा, एपॉक्सीत ओतलेलं हे वाइंडिंग उघडून पुन्हा तसंच भरता येत नाही. नवा बसवताना ट्यूनिंग कॅपॅसिटर त्याच किमतीचा, त्याच व्होल्टेजचा पॉलिप्रॉपिलीन टाका, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पिनांचं सोल्डर नव्याने करा, ड्राइव्हकडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक बदला. ड्राइव्ह दुबळा असला की नवा ट्रान्झिस्टर आठवडाभरात तापून जातो आणि दोष पुन्हा बिचाऱ्या फ्लायबॅकवर येतो.